बारा आकडी राधाकिशन

सकाळी गिरणीतून दळण घेऊन परत येताना राधाकिशनला कॉलनीच्या गेटवर स्वतःचा आधार क्रमांक दिसला. डबा खांद्यावर होता, पीठ अजून गरम होतं आणि त्याची ऊब मानेला लागत होती. गेटच्या दोन खांबांमध्ये नवा फ्लेक्स ताणून बांधलेला. बीडमध्ये फ्लेक्स म्हणजे कुणाचा तरी वाढदिवस, म्हणून तो सवयीनं मान खाली घालून पुढं निघाला होता. पण वाढदिवस कुणाचाच नव्हता. वर डाव्या कोपऱ्यात सोसायटीचे चेअरमन भगवानराव हात जोडून उभे होते, उजव्या कोपऱ्यातही भगवानरावच, मोबाइल कानाला लावलेले, आणि मधे लाल अक्षरांत 'पारदर्शक कारभार, हाच आमचा निर्धार'. त्याखाली कॉलनीतल्या सगळ्या प्लॉटांची मालमत्ता नोंद रकाने पाडून छापलेली. प्लॉट क्रमांक, क्षेत्रफळ, धारकाचं नाव, खरेदीखताची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात, रस्त्यावरच्या एसटीतूनही वाचता येतील एवढे ठळक, आधारचे बारा बारा आकडे. दूधवाला मोटारसायकलवर बसूनच ते मोठ्यानं वाचत होता. राधाकिशनच्या ओळीशी आल्यावर त्यानं आकडा वाचला, मागं वळून पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुमचा लई भारी हाय. एक बी शून्य न्हाई." अंघोळीला बसलेलं असताना मोरीचं दार वाऱ्यानं उघडावं तसं राधाकिशनला झालं. त्यानं पिठाचा डबा खांद्यावरून काढून छातीशी धरला. तो आकडा मी इथं लिहीत नाही. लिहिला तर पुढचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, आणि राधाकिशनच्या अंगात आता तेवढी ताकद नाही.

घरी आल्यावर केशरबाईनं डबा उतरवून घेतला आणि नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. "कावून तोंड पाडून आलाव? दळण जाडं काढलं का त्यानं?" तो म्हणाला, "माझा नंबर गेटवर लावलाय." "कशाचा नंबर?" "आधारचा. माझा." केशरबाईनं पिठात बोटं घालून पाहिली, जाडं नव्हतं. "मंग काय झालं? नाव तर लावतेतच की गेटवर." नावाचं वेगळं असतं, एवढंच राधाकिशनला म्हणायचं होतं. नाव त्याच्या एकट्याचं कधी नव्हतंच. माजलगावकडच्या ज्या साखर कारखान्यात त्यानं अख्खी नोकरी काढली तिथं राधाकिशन ढिगानं होते. एक गोडाऊनचा राधाकिशन, एक मिशीवाला, एक नुसताच लंगडा, आणि हा काट्यावरचा. काट्यावर म्हणजे उसाच्या गाड्या तोलायच्या जागी. काचेच्या खोक्यात बसायचं, ट्रक पत्र्यावर चढला की वजन बघायचं, पावती फाडायची. सीझनमध्ये गाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत लागायची आणि ड्रायव्हर भूक लागलेल्या लोकांसारखे करायचे, पण राधाकिशननं कधी कुणाचं तोंड पाहिलं नाही. तो नंबर पाहायचा. "चव्वेचाळीस बारा, फुडं घे," असं भोंग्यातून म्हणायचा, आणि चव्वेचाळीस बारा पुढं यायचा. एकदा चकलांब्याला लग्नात एक धोतरवाला माणूस त्याला कडकडून भेटला, चहा पाजला, घरची खुशाली विचारली. केशरबाईनं विचारलं, कोण हो हे? राधाकिशननं फार आठवून पाहिलं आणि म्हणाला, "सत्तावन्न तीस." माणूस एकदम खूश झाला. ओळखलं म्हणून. नोकरी संपली आणि आठवड्याच्या आत दुसराच कुणी काट्यावर बसला, तोही नशिबानं राधाकिशनच निघाला, त्यामुळं 'काट्यावरचा राधाकिशन' हे त्याच्याकडं गेलं. आपल्याकडं काय राहिलं, असा प्रश्न त्या दिवसांत बाजेवर पडल्या पडल्या राधाकिशनला पडायचा. प्लॉट राहिला होता, त्यावरचं घर राहिलं होतं, पण प्लॉट घेतला तो केशरबाईच्या हट्टानं आणि घर बांधलं ते तिच्या देखरेखीखाली, त्यामुळं तेही पूर्ण आपलं आहे असं त्याला मनातून वाटत नसे.

आणि मग आधार निघालं. शाळेच्या वर्गात मशिनी मांडल्या होत्या. राधाकिशनची बोटं उमटेनात. जन्मभर कार्बनच्या पावत्या हाताळून ती इतकी गुळगुळीत झाली होती की मशिनीला तिथं माणूसच सापडेना. मशिनीवरचा पोरगा वैतागला, म्हणाला, काका, तुम्ही हायेत का न्हाई? केशरबाईनं पदराच्या टोकानं त्याचं एकेक बोट पुसलं आणि आपल्या तळव्यानं वरून दाबून धरलं, इतक्या लोकांत, वर्गातल्या बाकावर बसून, आणि हिरवा दिवा लागला. तिच्या तळहाताला त्या दिवशी लसणाचा वास होता. पुढं पोस्टानं कार्ड आलं. फोटो कुणाचाही असावा असा, जन्मतारीख शाळेच्या मास्तरानं अंदाजानं लावलेली, पण त्याखाली बारा आकडे. अख्ख्या देशात दुसऱ्या कुणाचा नाही, असं पोस्टमन म्हणाला. राधाकिशननं ते पाठ केले. उगाच, कारण नसताना. गल्लीतून चालताना, कुठं रांगेत उभं असताना तो ते मनात म्हणायचा, चार, मग चार, मग चार, आणि मिशीवाल्यालाही हा नाही, नव्या काट्यावाल्यालाही नाही, या विचारानं त्याला बरं वाटायचं. आता तोच आकडा दूधवाल्याच्या तोंडात होता. आज दूधवाल्याच्या, उद्या केस कापणाऱ्याच्या, परवा ज्याला कुणाला प्लॉट गिळायचा असेल त्याच्या. दळणाच्या रांगेत त्यानं ऐकलं होतं की सिरसाळ्याकडं कुणाच्या तरी जमिनीवर भलत्यानंच बोजा चढवला, आणि तेही नुसत्या नंबरावरून. ते खरं होतं की नव्हतं देव जाणे. राधाकिशनची भूक मेली ती मेलीच.

भगवानराव ओट्यावर दात घासत बसले होते. ते कारखान्यात शेतकी अधिकारी होते, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय, त्यामुळं शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडूनच बोलत. राधाकिशन म्हणाला, "भगवानराव, ते आकडे काढा गेटवरून." "कावून?" "उद्या कुणी माझा प्लॉट इकून टाकला म्हंजे?" भगवानरावांनी चूळ भरली. "राधाकिशनराव, तुमी त्या प्लॉटवर घर बांधून आत बसलाव. इकायचा म्हनलं तर आधी तुमाला उचलून भायेर ठिवावं लागंल." "तसं न्हवं. नंबर म्हंजे आपलं झाकलेलं असतंय." "झाकलेलं?" भगवानरावांचा आवाज पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेला. "मागल्या चेअरमननं समदं झाकूनच ठिवलं. कपाटात कागद, कपाटाला कुलूप, आन् कुलूप उघडलं तर आत वाळवी. म्या निवडणुकीला शब्द दिलता, समदं उघडं करीन. सहकारात झाकायचं काय असतंय? आन् माझा बी हाय की नंबर. पैला. वर." तो होता. प्लॉट क्रमांक एक, भगवानरावांचाच, आणि त्यांचा आकडा दोन शून्यांवर संपत होता, हौशी माणसं मोटारीसाठी पैसे भरून घेतात तसला. तो लोकांनी वाचावा अशी त्यांची इच्छा असावी असं राधाकिशनला वाटून गेलं. "आन् पान्याचं काय?" भगवानराव पुढं म्हणाले. "वाहेदला माणूस वळखायला कायतरी पायजे का न्हाई?"

पाण्याचं खरं होतं. त्या साली माजलगावच्या धरणात गाळ तेवढा उरला होता, बिंदुसरेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती, आणि कॉलनीतले नळ भिंतीला नुसते शोभेला होते. सोसायटीनं टँकर लावला. वाहेद म्हणून एक पोरसवदा ड्रायव्हर तो घेऊन यायचा, जेव्हा भरून मिळेल तेव्हा, म्हणजे कधीही, आणि प्लॉटमागं एक पिंप द्यायचा. शेजारच्या गल्ल्यांतली माणसं रांगेत घुसायला लागली तेव्हा सभा बोलवावी लागली. बिल्ले वाटून झाले होते आणि हरवून झाले होते. शेवटी ठरलं की प्रत्येकानं आपला आधार क्रमांक सांगायचा, वाहेदनं तो गेटवरच्या नोंदीशी ताडून बघायचा, जुळला की पाणी. टाळ्या पडल्या. राधाकिशन त्या सभेला होता आणि टाळ्या वाजवणाऱ्यांतही होता, हे त्याला आता आठवलं. सभेत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं की किल्ली आणि कुलूप एकाच खिळ्याला टांगलं जाणार आहे. ज्याला वाचता येतं त्यानं वर बघायचं, आकडा वाचायचा आणि तोच वाहेदला ऐकवायचा. राधाकिशननं हे भगवानरावांना समजावून सांगितलं. भगवानराव म्हणाले, "आपले लोक तसले न्हाईत." मग थोडं थांबून म्हणाले, "आन् असले तरी वाचायचा कटाळा करतेत."

राधाकिशन चिवट. तो कचेरीबाहेर बसणाऱ्या दस्त लिहिणाऱ्याकडं गेला, त्याला चहा पाजला, आणि त्यानं सांगितलं की हल्ली खरेदीखतातसुद्धा अख्खा आधार क्रमांक दाखवत नाहीत, पहिल्या आठ आकड्यांवर फुल्या मारतात आणि शेवटचे चार तेवढे ठेवतात, तशी पद्धतच आहे. राधाकिशननं भगवानरावांना जाऊन 'नियम' असा एकच शब्द सांगितला. भगवानराव माणसांना भ्यायचे नाहीत, पण नियमाला फार भ्यायचे. दुसऱ्याच दिवशी फ्लेक्सवर उभ्या काळ्या पट्ट्या चिकटल्या आणि सगळ्यांचे पहिले आठ आकडे झाकले गेले. राधाकिशन त्या दिवशी पोटभर जेवला. कांदा मागून घेतला. कपडे घातल्याची भावना होती ती. मग टँकर आला आणि वाहेद ओरडला, "चला, शेवटचे चार सांगा, शेवटचे चार!" राधाकिशनच्या हातात कांद्याची फोड तशीच राहिली. म्हणजे कुलपाचा निरुपयोगी भाग झाकून भोक तेवढं उघडं ठेवलं होतं, आणि त्यासाठी खटपट केली होती त्यानंच. तो बादली घेऊन धावला. वाहेदनं पाणी दिलेल्यांच्या कागदावर बोट फिरवलं. "काका, तुमच्या नंबरावर पानी गेलं की." "कुठं गेलं? मी तर आता आलो." "मला काय ठाऊक? नंबर बरोबर हुता, म्या पाइप सोडला." "आरे, पण माणूस कोण हुतं? बाई हुती का बापई?" वाहेद हसला. "म्या तोंड बघत न्हाई, काका. नंबर बघतो. तुमच्याच मीटिंगीत ठरलंय न्हवं?" राधाकिशनला काचेचं खोकं आठवलं, भोंगा आठवला.

त्या दिवसापासून त्यानं खुर्ची गेटजवळच्या लिंबाच्या झाडाखाली नेऊन टाकली आणि पहारा सुरू केला. चोर पकडायचा होता. टँकरचा हॉर्न वाजला की मात्र तो बादली आणायला घरी पळायचा आणि परत येईपर्यंत त्याच्या आकड्यावर पाणी गेलेलं असायचं. कोण वर बघतं, कुणाची नजर कुठल्या ओळीवर थांबते, हे तो बघायचा. आणि बघता बघता त्याच्या लक्षात आलं की सगळेच वर बघतात. जाणारा, येणारा, भाजीवाली, तिच्या डोक्यावरची टोपलीसुद्धा. शेजारची आमिनाबी शेळी घेऊन जाताना तिथं थांबायची, पण तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून त्यानं तिला यादीतून वगळलं. तिचा नवरा जलालुद्दीन कारखान्यात फिटर होता, तो गेल्यावर प्लॉट तिच्या नावावर आला होता, आणि ती आपल्या नावाकडं बघत असेल असं राधाकिशनला वाटलं. भगवानरावांचा त्याला दाट संशय होता. मग समोर राहणाऱ्या शिक्षकाचा, मग शिक्षकाच्या सासऱ्याचा. मग दुपारच्या उन्हात पापण्या जड झाल्या की त्याला उगाच वाटायचं, आपणच तर पहाटे उठून आपलं पाणी नेत नसू? आकडा तर आपलाच होता. माणूस कुठं विचारला होता कुणी? मग तो डोळे ताणून पुन्हा फ्लेक्स वाचायला लागायचा. वाचायला दुसरं काहीच नव्हतं. पट्ट्या उन्हानं सुटून फडफडायच्या आणि खालचे आकडे दिसायचे. त्याला मोह आवरेना. काट्यावरचं डोकं, त्याला आकडा दिसला की ते गिळणारच. वरून सुरुवात व्हायची, म्हणजे भगवानरावांपासून, दोन शून्यांपर्यंत, मग खाली. हळूहळू अख्खी कॉलनी त्याला पाठ झाली. शिक्षक समोरून गेला की मनात त्याचे चार आकडे उठायचे आणि 'नमस्कार सर' म्हणायच्या आधी क्षणभर तोंडात तेच यायचे. स्वतःची ओळ मात्र तो वाचायचा नाही. तिच्याकडं बघितलं तर दुसरेही बघतील, असं त्याला वाटायचं.

शेवटी त्यानं डांबर आणलं. रस्त्याचं काम चाललं होतं तिथून नारळाच्या करवंटीत मागून घेतलं आणि भर दुपारी, कॉलनी झोपलेली असताना, खुर्चीवर चढून आपली ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारवून टाकली. नाव गेलं, क्षेत्रफळ गेलं, आकडा गेला. कार्डही लपवायला पाहिजे हे त्याला त्याच झटक्यात सुचलं. आधी गादीखाली ठेवलं, मग देवांच्या फळीवर, मग तिथून काढून अशा ठिकाणी ठेवलं की कुणाच्या बापाला सापडणार नाही. संध्याकाळी टँकर आला आणि वाहेदनं त्याला पाणी दिलं नाही. "बोर्डावर तुमचं कायच न्हाई, काका. डांबर हाय तिथं." "आरे, मी राधाकिशन. रोज बघतोस की मला." "बघतो. पन बोर्डावर न्हाई." राधाकिशन रिकामी बादली घेऊन घरी आला. घरात केशरबाई भांडी घासत होती, चांगलं खळखळून पाणी घेऊन, आणि माठ काठोकाठ भरलेला होता. तिनं त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो गटागटा प्याला आणि 'आपल्याला पाणी मिळत नाही' म्हणून तिच्याजवळ तक्रार करायला लागला. ती म्हणाली, "बरं बरं, हात धुऊन घ्या डांबराचा." हे पाणी कुठून आलं हे विचारायचं त्याला सुचलं नाही. तो आकड्यात गुंतलेला होता.

डांबरानं बोर्डावरचा आकडा झाकला, पण तो वाचून गेलेल्या डोळ्यांचं काय? आकडा कायमचा बंद करायचा तर आधारच्या केंद्रात तो लॉक करून मिळतो, असं दस्त लिहिणाऱ्यानं दुसऱ्या चहाला सांगितलं होतं. लॉक हा शब्द राधाकिशनला फार आवडला. केंद्रात जायच्या दिवशी केशरबाई सकाळीच बहिणीकडं चकलांब्याला गेली होती. त्यानं कार्ड शोधलं. गादी, देवांची फळी, ट्रंक, पत्र्याच्या डब्यांमागं. सापडेना. इतकं चांगलं लपवलं होतं. केशरबाईला फोन करून विचारता आलं असतं, पण जागा तिला माहीत असेल तर ती जागा कसली, म्हणून त्यानं विचारलं नाही. कार्ड कशाला पाहिजे, तोंडपाठ आहे की. तो केंद्रात जाऊन रांगेत बसला. टेबलावरची मुलगी म्हणाली, "नंबर सांगा, काका." राधाकिशननं मागं पाहिलं, तोंडावर उपरणं धरलं, तिच्या कानाजवळ वाकला आणि बारा आकडे एका दमात सांगितले. तिनं ते बडवले. "तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल, तो सांगा." मोबाइल तळहातावर घेऊन दोघं बघत राहिले. आला नाही. "परत पाठवते." पुन्हा आला नाही. "नंबर तुमचाच आहे ना?" "माझाच," राधाकिशन म्हणाला. "जल्मापासून." ती पाठवत राहिली. आणि मोबाइल वाजला, पण तो फोन होता. भगवानरावांचा आवाज इतका मोठा की मुलीनंही मान वर केली. "राधाकिशनराव! कुठं हाव? घात झाला! माझा नंबर कुणीतरी पळवलाय! ओटीपीवर ओटीपी यायलेत, थांबायला तयार न्हाईत!" राधाकिशनला खरोखर भरून आलं. शेवटी याला कळलं. "म्या म्हनलं न्हवतं तुमाला?" तो म्हणाला. "म्या कवापासून सांगायलोय! कुणाला देऊ नका, हात लावू नका, म्या येतोच." त्यानं फोन ठेवला, आणि मग, मुलीच्या पडद्यावर नजर गेली तेव्हा, तिथं शेवटी दोन शून्यं दिसली.

"राहू द्या, बाई," तो म्हणाला आणि बाहेर आला. पायरीवर बसला. बाहेर लोखंड तापल्यासारखं ऊन होतं. ठीक आहे, चूक झाली, वरची ओळ रोज पहिली वाचली गेली म्हणून तोंडात तीच आली. आता आपला म्हणू. त्यानं डोळे मिटले. चार, मग चार, मग चार. शिक्षकाचा आला. शिक्षकाला बाजूला सारलं तर आमिनाबीचा आला. मग चव्वेचाळीस बारा आला, सत्तावन्न तीस आला, एक उसाचा अख्खा सीझन रांगेनं डोक्यातून गेला, आणि आपल्या ओळीच्या जागी गेलं की काळंकुळं, गुळगुळीत, उन्हात चकाकणारं डांबर. आपल्या आकड्यात एकही शून्य नव्हतं, एवढंच आठवत होतं, आणि तेही दूधवाल्यानं सांगितलेलं. राधाकिशनला भीती वाटली. ही भीती प्लॉटची नव्हती. मशिनीनं बोटं न ओळखल्यावर जी वाटली होती तीच होती, फक्त आता शेजारी केशरबाई नव्हती. त्यानं अंगठा बोटांवर घासून पाहिला. काहीच लागलं नाही हाताला.

कॉलनीत पोचला तेव्हा भगवानराव स्वतः स्टुलावर चढून विळ्यानं फ्लेक्सच्या दोऱ्या कापत होते. फ्लेक्स कोसळला तेव्हा दोन्ही भगवानराव धुळीत पडले आणि तिसऱ्यानं खाली उतरून राधाकिशनला मिठी मारली. "तुमचं ऐकाया पायजे हुतं, राधाकिशनराव. मानसाची येवढी मोठी गोष्ट म्या गेटावर टांगली." जिंकल्यावर माणसाला कसं वाटतं ते राधाकिशनला आठवेना, आणि खरं सांगण्याची तर त्याची छातीच झाली नाही. फ्लेक्स आमिनाबीनं मागून घेतला आणि शेळीच्या छपरावर पांघरला, अक्षरं खाली करून. नंतर कुणी बघत नाहीसं पाहून राधाकिशन छपराशी गेला आणि कोपरा उचलून आत डोकावला. डांबर पक्कं बसलं होतं. शेळी त्याच्याकडं बघत रवंथ करत राहिली.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. माठ रिकामा होता, केशरबाई परगावी होती, म्हणून तो बादली घेऊन रांगेत गेला. रांगेत सगळ्या बायाच. वाहेदनं मोकळ्या खांबांकडं पाहिलं, डोकं खाजवलं आणि जाहीर केलं, "बोर्ड न्हाई तर आता अख्खा नंबर सांगा, बारा आकडी. सोताचाच असला तर पाठ असंल. भायेरच्याला कुठून यील?" त्याच्या हातात भगवानरावांनी दिलेली नोंद होती, छातीशी धरून पत्ते खेळावेत तशी. राधाकिशनला ही युक्ती एकदम पटली, आणि मग ती आपल्यालाही लागू आहे हे लक्षात आलं. पुढं उभ्या असलेल्या, कोपऱ्यातल्या प्लॉटवरच्या भामाबाईनं घडाघडा बारा आकडे म्हटले. वाहेद म्हणाला, बरोबर. राधाकिशनचे कान टवकारले. तो भामाबाईचा नव्हता, आमिनाबीचा होता. तिच्या मागची शिक्षकाची बायको होती, तिनं म्हटला तो दोन शून्यांवर संपला. तिला पाइप मिळाला. तिच्याही मागं भगवानरावांचीच मंडळी, ती भामाबाईचा म्हणून गेली. राधाकिशनचं तोंड उघडं राहिलं. सगळ्याच चोर, आणि कुणीही चोरासारखं उभं नव्हतं, गप्पा चालल्या होत्या, सिरसाळ्याच्या कुठल्या लग्नात किती वडे उरले त्याच्या. "भामाबाई, हा तर तुमचा—" तो म्हणायला गेला, पण वाहेदनं पाइप त्याच्या बादलीवर आणला होता. "नंबर, काका."

राधाकिशन उभा राहिला. ओठ हलले, आवाज आला नाही. "इसरले," मागून कुणीतरी म्हणालं आणि बाया हसल्या, वाईट नव्हतं हसणं ते, पण त्याचे कान तापले. वाहेदनं पाइप मागं घेतला. इतक्यात राधाकिशनच्या मागं उभ्या असलेल्या आमिनाबीनं घागर कमरेवर सावरली आणि त्याचा नंबर म्हणायला सुरुवात केली. चार म्हणाली, थांबली, मग चार, मग चार. वाचायला न येणाऱ्या बाईनं म्हणावा तसा, प्रत्येक आकड्याला सारखा मान देत, घाई न करता. "बरोबर," वाहेद कागदाकडं बघत म्हणाला. राधाकिशन वळला. "भाभी, तुमाला कसा ठाऊक?" "आता कसा म्हंजे? केशरबाईनं शिकिवला की. बोर्ड लागला त्याच दिवशी आमी समद्यांनी समद्यांचे पाठ केले. टँकर कवा बी यायलाय, कुनी घरी असतंय, कुनी नसतंय. जी घरी हाय तिनं भरून ठिवायचं, ज्याच्या नंबरावर भरंल त्याच्यावर. माझ्याकडं लेक जरीना बाळंतपनाला आलती न्हवं, मला दोन पिंपं लागायची. तुमच्या नंबरावर मीच भरत हुते, आन् केशरबाई भगवानरावांच्या." ती थोडी ओशाळली. "तुमाला कुनी सांगितलं न्हाई का? आमाला वाटलं, तुमी गेटावर आमच्यावरच ध्यान ठिवायला बसताव."

राधाकिशननं आपल्या आत राग शोधला. कधीपासून जमवून ठेवला होता, चांगला मोठा होता, या क्षणाकरताच होता. सापडला नाही. कार्डासारखाच कुठंतरी ठेवला गेला असावा. त्याऐवजी कानात तो आकडा होता, अख्खा, डांबर खरवडून काढलेला, आणि लसणाचा वास आल्यासारखा वाटत होता. आपल्या नंबरावर जरीनाचं बाळ न्हालं होतं, हेही त्याच्या हळूहळू ध्यानात येत होतं. वाहेद म्हणाला, "धरा काका बादली, मागं लाइन हाय." पण राधाकिशननं बादली धरली नाही. तो आमिनाबीकडं पाहत म्हणाला, "भाभी, अजून एकदा म्हना."

"कावून? बरोबर हाय की."

"बरोबरच हाय. जरा सावकाश म्हना."

बाया पुन्हा हसल्या. वाहेदनं वैतागून पाइपचं तोंड वर वळवून धरलं. आमिनाबीनं घागर खाली ठेवली, पदर नीट केला आणि पहिल्या चारांपासून सुरुवात केली, आणि बारा आकडी राधाकिशन तिच्या मागोमाग हळू आवाजात म्हणू लागला.